हेदवाडी केंद्राचे लाभार्थी

रविवार, दिनांक ८ ऑगस्ट २००४ रोजी सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी, तळेघरच्या अलीकडच्या वळणावर, भीमाशंकरला निघालेल्या एका मोटारीत परवाना नसलेले एकवीस शब्द ऐकू आले. ते असे : "घोडेगावची गाडी धरणाच्या वळणावर दिसली. आज आली आहे. लंकाआजी, तुला वेळ लागतो, तू आत्ताच निघ. बाकीच्यांनी भाकरी खाऊन निघालं तरी चालेल."

हे शब्द एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात आले आणि अकरा सेकंदांनी गेले. गाणं परवानाधारक केंद्राचं होतं. मोटारीचे मालक पुण्यातले एक जागरूक नागरिक होते. त्यांनी गाडी बाजूला घेतली, घड्याळ पाहिलं, किलोमीटरचा दगड पाहिला आणि दोन्ही आकडे टिपून ठेवले. सोमवारी त्यांनी सहा पानी तक्रार टाइप करून घेतली आणि तिच्या प्रती नऊ कार्यालयांना पाठवल्या. तक्रारीचं शेवटचं वाक्य होतं : 'आज गाडी आली असे सांगणारे उद्या काय सांगतील, याचा विचार व्हावा.' तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचा नियम आहे, म्हणून इथे त्यांना जागरूक नागरिक एवढंच म्हणू.

नऊपैकी आठ कार्यालयांनी ती तक्रार 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' नवव्याकडे पाठवली. नववं आमचं. अशा रीतीने एकाच तक्रारीच्या नऊ प्रती आमच्याकडे जमल्या आणि आवक नोंदवहीत नऊ स्वतंत्र तक्रारी म्हणून चढल्या. प्रकरण गंभीर आहे, हे तिथेच ठरलं.

मी त्या वेळी खात्यात कंत्राटी तांत्रिक सहायक होतो. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि हवेतल्या लहरी मोजण्याचं एक यंत्र मला वापरता येत होतं. माझं गाव महाळुंगे पडवळ. तेवढ्यावरून आमचे थोरात साहेब म्हणाले, "पडवळ, तुमच्याच तालुक्यातलं आहे. चला."

महाळुंगे पडवळ ते तळेघर म्हणजे एक तालुका असला तरी दोन हवामानं आहेत. पण साहेबांना नकाशा माहीत होता आणि मला नोकरी टिकवायची होती.

जाताना जीपमध्ये त्यांनी मला कायदा समजावला. कायदा १९३३ सालचा. हवा सर्वांची असली, तरी तिच्यातल्या लहरी सरकारच्या असतात. परवान्याशिवाय प्रक्षेपक बाळगला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"आणि त्यांनी परवाना मागितला तर?" मी विचारलं.

"मिळतो की. शिक्षणसंस्थेला मिळतो. विद्यापीठ वगैरे आहे का तिथे?"

"चौथीपर्यंत शाळा आहे."

"मग नाही मिळत," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात कटुता नव्हती. पाणी उताराकडे जातं, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

तळेघरच्या अलीकडे पाऊस लागला. मी यंत्र सुरू केलं, तर त्या अख्ख्या खोऱ्यात सर्वांत ताकदवान लहरी आमच्या जीपच्या वायपरच्या निघाल्या. वायपर चालू ठेवला की केंद्र ऐकू येईना, बंद केला की रस्ता दिसेना. शेवटी जीप उभी करून, वायपर बंद करून मी मोजमाप घेतलं. केंद्राची ताकद एक दशांश वॅटहूनही कमी होती. घरातल्या झिरोच्या बल्बला पंधरा वॅट लागतात; हे केंद्र त्याच्या एकशेऐंशीव्या भागात चाललं होतं. पल्ला एक किलोमीटर नऊशे मीटर. वायपरचा उल्लेख अहवालात करू नये असं ठरलं, कारण वायपर खात्याचा होता.

हेदवाडी रस्त्यापासून वर, चाळीस मिनिटांच्या चढावर आहे. थोरात साहेबांना दीड तास लागला. वाडीच्या कडेला एक मोठा खडक आहे. त्याला लोक गाडीचा दगड म्हणतात, कारण त्यावर उभं राहिलं की लांब धरणाच्या वळणावर आलेली एसटीची गाडी लाल ठिपक्याएवढी दिसते. तो ठिपका दिसल्यापासून गाडी तळेघरच्या थांब्यावर पोहोचायला चाळीस मिनिटं लागतात, आणि वाडीतून थांब्यावर उतरायलाही चाळीसच; गाडी तिथे थोडा वेळ थांबून घोडेगावला परत फिरते. निसर्गानं एवढं जुळवून दिलेलं वेळापत्रक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अडचण एकच होती : दगडावरून ठिपका दिसतो, पण भातखाचरं सगळी पलीकडच्या उतारावर, तिथून काही दिसत नाही. आणि गाडी कधी येते, कधी येत नाही. न कळता खाली उतरलं आणि गाडी आली नाही, तर दिवस गेला आणि गुडघेही गेले.

म्हणून बावीस वर्षं जानकू केंगले रोज सकाळी दगडावर उभा राहून आरोळी देत असे. खाचरातला माणूस ती पुढच्या खाचरात द्यायचा. वारा उलटा असला की अर्धी वाडी उतरायची आणि अर्धी मागे राहायची. दोन वर्षांपूर्वी जानकूचा घसा गेला. डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली. तेव्हा त्याच्या मुलीनं, प्रतिभानं, जुन्या रेडिओचे सुटे भाग साबणाच्या डबीत बसवले, त्याला बॅटरीचे दोन सेल जोडले आणि दगडावर बसून सांगायला सुरुवात केली. ती मंचरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली होती. वाडीतली पहिलीच.

हे सगळं आम्हाला कुणाकडून कबूल करून घ्यावं लागलं नाही. लोकांनी घोंगडी अंथरून, चहा देऊन, आपण होऊन सांगितलं. याला कारण होतं, पण ते मला नंतर कळलं.

तीन वर्षांपूर्वी वाडीत पाण्याच्या टाकीचा सर्व्हे झाला होता. पॅड घेऊन आलेल्या साहेबानं विचारलं, लाभार्थी किती? वाडीनं मोजून खरं सांगितलं : दोनशे एकेचाळीस. टाकीचा निकष दोनशे पन्नासचा होता. टाकी पलीकडच्या वाडीला गेली. तिथे दीडशे माणसं राहत होती, पण त्यांनी सहाशे सांगितली होती. तेव्हापासून हेदवाडीनं एक धडा घेतला होता : पॅड घेऊन आलेल्या माणसाला खरा आकडा सांगायचा नाही.

थोरात साहेबांनी पॅड काढलं.

"हे केंद्र किती लोक ऐकतात?"

वाडीतले जुने पंचायत सदस्य सावळेराम पुढे सरकले. "पाश्शे तरी धरा."

"वाडीत पाचशे लोक आहेत?"

"वाडीत न्हाईत, साहेब. ऐकत्यात पाश्शे."

"आठशे लिवा, राव," लंकाबाई दारातून म्हणाली. वय सत्तरीच्या पुढे, हातात काठी. "पाश्शावर काय व्हतंय? पाश्शाला कोण इचारतंय?"

"घरं सत्तेचाळीस आहेत," कोपऱ्यातून प्रतिभा म्हणाली. "रेडिओ एकतीस. त्यातले सहा बंद. माणसं दोनशे छत्तीस."

"पोरी, तू गप," सावळेराम तिला हळूच म्हणाले. "टाकीच्या टायमाला बी तूच मोजून दिलं व्हतंस." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "आठशेच हायेत. शिकल्याली हाय ना, कमी बोलती."

"आणि किती लांब ऐकू येतं?"

"पार भीमाशंकर."

"त्याच्या फुडं बी," कुणीतरी म्हणालं.

"माझा ल्योक मुंबैला हाय, कुर्ल्याला," लंकाबाई म्हणाली. "त्याला बी येतं."

साहेबांचं पेन थांबलं. "मुंबईला?"

"सपष्ट."

"एक किलोमीटर नऊशे मीटर," प्रतिभा म्हणाली. "मी रेडिओ घेऊन चालत जाऊन मोजलंय."

माझ्या वहीत तोच आकडा होता. मला कुणी विचारलं नव्हतं.

"इथून विमानं जातात का?" साहेबांनी विचारलं.

"जात्यात की. डोक्यावरनंच जात्यात."

"त्यांना हे ऐकू येत असेल?"

सावळेरामांनी वर आभाळाकडे पाहिलं. विमानातली माणसं लाभार्थ्यांत धरता येतात का, याचा ते विचार करत असावेत. "येत आसंल," ते म्हणाले, "तर आमची ना न्हाई."

पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला. आठशे श्रोते, मुंबईपर्यंत पल्ला, विमानांच्या संदेशवहनात व्यत्ययाची शक्यता. प्रत्येक कलमाला लोक मान डोलावत होते. चौतीस जणांनी सह्या-अंगठे केले. दोघे सही करायला खाचरातून मुद्दाम आले. सगळं झाल्यावर सावळेरामांनी विचारलं, "मंग मंजूर कवा व्हईल?"

"काय?"

"केंद्र. पक्कं, सरकारी."

थोरात साहेबांनी पॅडला टोपण लावलं. टोपण पेनाचं होतं. "वरून कळवतील," ते म्हणाले.

मी यंत्र गुंडाळत होतो, तेव्हा प्रतिभा बाहेर आली.

"हा गुन्हा आहे ना?"

"हो."

"तुम्ही आला तेव्हाच कळलं. सरकारी योजनेवाले सोबत मीटर आणत नाहीत." तिनं ओढणीच्या टोकात धरलेला कागद उघडून दाखवला. एका आश्रमशाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून तिची निवड झाली होती. एक नोव्हेंबरला हजर व्हायचं होतं. सोबत दाखला हवा होता : उमेदवार कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नाही.

"यात नुसता दंड झाला, तरी दाखल्यात येतं?"

"येतं."

"दंडाचा आकडा कितीही छोटा असला तरी?"

"दाखल्यात आकड्याचा रकाना नसतो," मी म्हणालो.

"तेवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली आणि आत जाऊन साबणाची डबी घेऊन आली. जप्तीच्या यादीत तिची नोंद अशी आहे : 'प्रक्षेपण केंद्र, नग एक, निळ्या रंगाचे, झाकणासह.'

कार्यालयात परतल्यावर तांत्रिक अडचण उभी राहिली. माझ्या मोजमापाप्रमाणे केंद्राचा पल्ला दोन किलोमीटरही नव्हता. पंचनाम्याप्रमाणे तो मुंबईपर्यंत होता. थोरात साहेबांनी मला बोलावलं.

"पडवळ, एका बाजूला चौतीस माणसं आहेत आणि दुसऱ्या बाजूला एक यंत्र. चूक कुणाची असण्याचा संभव जास्त?"

मी म्हणालो की यंत्राची तपासणी करून घेता येईल. तपासणीत निघालं की यंत्राच्या अचूकतेच्या प्रमाणपत्राची मुदत जूनमध्येच संपली होती. म्हणजे ऑगस्टमधला त्याचा कुठलाही आकडा अधिकृतपणे अचूक नव्हता. यंत्र दुरुस्तीला गेलं. साबणाच्या डबीच्या प्रमाणपत्राची मुदत कुणी पाहिली नाही.

मग विमानांचं. संबंधित कार्यालयाला पत्र गेलं. उत्तर आलं : 'हेदवाडी येथे विमानतळ नाही.' आमच्याकडे ते 'धोका नाकारलेला नाही' या शेऱ्यासह फाइलला लागलं.

सर्वांत पक्कं उत्तर बसच्या आगाराचं होतं. त्यांनी कळवलं की तळेघरची गाडी गेल्या वर्षभरात एकही दिवस रद्द झालेली नाही, रोज वेळेवर जाते. प्रतिभाकडून एक वहीही जप्त झाली होती. तिच्यात तीनशे दिवसांची नोंद होती : तारीख, ठिपका दिसल्याची वेळ, आणि एकशे त्रेचाळीस दिवसांपुढे 'आली नाही'. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर साहेबांना आणखी एक गुन्हा सापडला. गाडी रोज येत असताना ती आली नाही असं एकशे त्रेचाळीस वेळा सांगणं म्हणजे जनतेची दिशाभूल.

"पण साहेब, आगाराचंच चुकलं असेल तर?"

"तो आपल्या खात्याचा विषय नाही," साहेब म्हणाले. "आगार काही प्रक्षेपण करत नाही."

खटला तालुक्याच्या कोर्टात, घोडेगावला उभा राहिला. आमच्या बाजूला मोठं बळ होतं : चौतीस साक्षीदार. पहिल्या तारखेला त्यातलं कुणीच आलं नाही. आरोपीही आली नाही. गाडी आली नव्हती. दुसऱ्या तारखेला आरोपी एका दुधाच्या टेंपोतून आली, साक्षीदार आले नाहीत. ते थांब्यापर्यंत उतरले होते, दोन तास थांबले आणि परत चढले.

दंडाधिकारी शांत गृहस्थ होते. तिसऱ्या तारखेलाही बाकं रिकामी पाहून त्यांनी थोरात साहेबांना विचारलं, "साक्षीदार का येत नाहीत?"

"साहेब, गाडीचा भरवसा नाही."

"गाडी रोज येते असं आगाराचं पत्र तुम्हीच जोडलंय."

"पत्रानुसार येते, साहेब."

"मग साक्षीदारांना पत्रात बसवून आणा," ते म्हणाले. त्यांनी २६ ऑक्टोबर ही शेवटची तारीख दिली. त्या दिवशी साक्षीदार नसले तर पुरावा संपला असं धरून प्रकरण निकालात निघेल, म्हणजे आरोपी सुटेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मागच्या बाकावर प्रतिभानं बोटांवर काहीतरी मोजलं. सव्वीसपासून एक नोव्हेंबरपर्यंत सहा दिवस. दाखला मिळायला तीन लागतात.

कार्यालयात बैठक झाली. साक्षीदारांना सरकारी जीपमधून आणावं, ही सूचना बाद झाली, कारण सरकारी वाहनात बसलेला साक्षीदार सरकारचा मिंधा मानला जातो. पत्रं पाठवावीत तर पत्रं त्याच गाडीनं जातात. मुक्कामाला आदल्या दिवशी आणावं तर चौतीस माणसांच्या मुक्कामाची तरतूद नव्हती. प्रश्न उलगडत उलगडत एका वाक्यावर येऊन थांबला : साक्षीदार वेळेवर यायला हवे असतील, तर गाडी आली आहे की नाही, हे सव्वीस तारखेला सकाळी हेदवाडीला कळलं पाहिजे. आणि ते कळवण्याची व्यवस्था मुद्देमालाच्या खोलीत सीलबंद होती.

'न्यायालयीन कामकाजाच्या सोयीसाठी एका दिवसाचा, एका संदेशापुरता प्रायोगिक परवाना' आठ दिवसांत निघाला. त्यावर क्रमांक एक असा आकडा आहे. परवानाधारक म्हणून कुणाचं नाव घालायचं, यावर अर्धा दिवस गेला. ती डबी दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. शेवटी आरोपीचंच नाव घातलं. संदेशाचे दोन मसुदे मंजूर झाले. नमुना अ : 'गाडी आली आहे.' नमुना ब : 'गाडी आली नाही.' लंकाआजीचा उल्लेख 'व्यक्तिगत स्वरूपाचा' म्हणून वगळण्यात आला. देखरेखीसाठी माझी नेमणूक झाली.

सव्वीस तारखेला सकाळी सातला मी आणि प्रतिभा गाडीच्या दगडावर बसलो होतो. दोन पंचांसमोर सील फोडलं. दोन महिन्यांत सेल उतरले होते. नवे सेल घ्यायला मला अधिकार नव्हता. लंकाबाईनं आपल्या बॅटरीतले काढून दिले. घसा बांधून जानकू खाली उभा होता.

प्रतिभानं परवाना दोनदा वाचला. "म्हणजे मी परवानगीनं सांगायचं, की मी परवानगीशिवाय सांगत होते हे सांगायला या."

"हो."

"त्यांना अजून वाटतं, आज कोर्टात केंद्र मंजूर होणार आहे. सावळेरामकाका धुतलेला सदरा घालून बसलेत."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं. ते म्हणाले, तू कमी बोलतेस."

धुकं होतं. सात वाजून चौतीस मिनिटांनी ते एका बाजूनं फाटलं आणि धरणाच्या वळणावर लाल ठिपका दिसला. तो मला दिसला. तिलाही दिसला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. माझ्या हातात दोन्ही नमुने होते. नमुना ब वाचला असता तर वाडीतलं कुणी हललं नसतं, दुपारी प्रकरण निकालात निघालं असतं आणि तीन दिवसांत दाखला मिळाला असता. गाडी आली होती की नाही, याचा पुरावा फक्त आगाराकडे असतो, आणि आगाराच्या म्हणण्याप्रमाणे ती रोजच येते. मी नोंद न करता गप्प राहायला तयार होतो.

"आज आजीची डोळ्याची तारीख आहे घोडेगावच्या दवाखान्यात," प्रतिभा म्हणाली. "तीन महिने वाट बघतीय."

मी दोन्ही नमुने तिच्यापुढे दगडावर ठेवले.

"आणि लोक उतरतात ते मी खरं सांगते म्हणून. एक दिवस खोटं सांगितलं, तर परत कोण उतरेल?"

तिनं बटण दाबलं. "गाडी आली आहे." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "लंकाआजी, तू आत्ताच निघ."

शेवटचे चार शब्द मंजूर मसुद्यात नव्हते. परवान्याच्या अट क्रमांक तीनचा तो भंग होता. मी वेळेसह नोंद केली. गप्प राहण्याची माझी तयारी तेवढ्या अर्ध्या मिनिटापुरतीच होती.

एकतीस साक्षीदार आले. खात्याच्या इतिहासात एवढी हजेरी झाली नव्हती. सावळेरामांनी श्रोत्यांची संख्या शपथेवर दोन हजार सांगितली, कारण कोर्ट आहे, इथे आठशे कमी दिसतील असं त्यांना वाटलं. मधल्या सुट्टीनंतर लंकाबाई दवाखान्यातून डोळ्यावर पट्टी बांधून आली आणि काठी टेकत पिंजऱ्यात चढली.

"आजी, तुम्ही हे केंद्र ऐकत होता?" दंडाधिकाऱ्यांनी विचारलं.

"रोज."

"कोण बोलायचं त्यावर?"

"ही काय, आमची प्रतिभा. तिच्यावानी खरं कुणी सांगत न्हाई, साहेब. आजबी तिनंच सांगितलं म्हून आलो आमी."

दंडाधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं उचललं. मुंबईचा पल्ला आणि विमानं त्यांनी बाजूला काढली, दिशाभुलीचं कलमही काढलं. पण डबी होती, परवाना नव्हता, आणि एकतीस माणसं अभिमानानं तसं सांगत होती. पन्नास रुपये दंड, यंत्र सरकारजमा.

पन्नास रुपये वाडीनं तिथल्या तिथे वर्गणी काढून भरले. पावती सावळेरामांनी घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"पन्नासात काम झालं," ते मला म्हणाले. "टाकीला लई लांबड लावली व्हती. बघा पावणं, आकडा मोठा सांगितला की व्हतंय."

प्रतिभा पायरीवर उभी होती. तिनं त्या दिवशी त्यांना काही सांगितलं नाही. एकोणतीस तारखेला तिला दाखला मिळाला. त्यात तिचं वर्तन चांगलं असल्याचं लिहिलं होतं आणि पुढच्याच ओळीत ती एका गुन्ह्यात दोषी ठरल्याचंही. आश्रमशाळेची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली.

साबणाची डबी आमच्या भांडारात आहे, लेबल लावून. लंकाबाईचे सेलही तिच्यातच राहिले. ते परत करायला वेगळा अर्ज लागतो. जानकू पुन्हा दगडावर उभा राहतो. त्याचा आवाज आता पहिल्या खाचरापर्यंतही जात नाही, पण तो उभा राहिलेला दिसला की लोक अंदाज बांधतात. विनापरवाना आरोळी प्रक्षेपणात मोडते का, यावर विधी विभागाचा अभिप्राय मागवलेला आहे.

प्रकरण बंद झाल्याचं पत्र तक्रारदाराला हातोहात द्यायचं असतं, म्हणून मी जागरूक नागरिकांच्या घरी गेलो. सज्जन माणूस. त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला, भिंतभर पुस्तकं दाखवली. मग सगळं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. वायपरला ते हसले. साबणाच्या डबीला मोठ्यानं हसले. 'हेदवाडी येथे विमानतळ नाही' याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पत्नीला आतून बोलावून त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

"काय आपले लोक आहेत हो," ते डोळे पुसत म्हणाले. "हे कुणीतरी लिहायला पाहिजे. सरकारी कारभाराचे असे वाभाडे काढलेले मला फार आवडतात. मिळेल ते वाचतो मी."

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही. पत्रावर पोच म्हणून सही केली आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

त्यांचं नाव मी सांगणार नाही, तसा नियम आहे. पण ही गोष्ट त्यांच्या हातात पडली असणार, आणि इथपर्यंत ते हसत आले असणार.